न चालवलेल्या सायकलचा रिपोर्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सुरू झालो की मधे कुणी दात काढलेले मला खपत नाहीत. झालं हसून? हं, मग चहा ओता आणि ऐका. माणूस शिकलेला असला, चष्मा लावत असला, पुस्तकांच्या राशीत बसत असला, तरी किती गाढव असू शकतो, याचा नमुना तुमच्यासमोर बसलाय.

मी सांगलीत एका कॉलेजात ग्रंथपाल. म्हणजे आयुष्य खुर्चीत गेलेलं. व्यायाम म्हणाल तर वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला शिडी चढायची, आणि तीसुद्धा आमचा शिपाई चढतो. मी खाली उभा राहून शिडी धरतो. तेवढ्यानेही मला धाप लागते.

सासुरवाडी पलूसची. ऊसवाली माणसं. सासरे, म्हणजे आमचे मामा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. पंच्याहत्तरी कधीच उलटली, पण गडी अजून काळ्या सायकलवरून पहाटे उसात जातो. आणि जावयाचा मान? विचारू नका! मी उभा असलो तर मामा बसणार नाहीत. माझ्या आधी घास घेणार नाहीत. 'अहो जावईबापू' शिवाय हाक नाही. इतक्या वर्षांत त्या घरात मी माझं ताट कधी उचललेलं नाही. पाण्याचा तांब्या लांब असला तरी चार माणसं धावतात.

आता असल्या मानाने माणूस बिघडणार नाही तर काय होईल?

तर, धोंड्याचा महिना आला. तुम्हाला माहीतच आहे या महिन्यात जावयाची काय चंगळ असते. पुरणाचे धोंडे, त्यावर तूप, अनारशांचं ताट, वर टॉवेल-टोपी. जेवण अंगावर आलेलं, पान तोंडात, समोर मामा हात जोडून 'आणखी काय सेवा' अशा चेहऱ्याने बसलेले. अशा वेळी माणसाच्या जिभेला हाड राहत नाही.

मी म्हणालो, "मामा, तुम्हाला सायकलवर बघितलं की मला माझं कॉलेज आठवतं. सांगलीतून निघायचो, ते थेट साताऱ्याला!"

खरं सांगू? एकदा मिरजेला गेलो होतो. येताना चेन तुटली आणि रडत चालत आलो. पण ते काय पान खाताना सांगायचं?

मामांचे डोळे लकाकले. "सातारा? आवं, मग सोडली का?"

"आता तशी सायकल कुठं मिळते, मामा!"

बस. एवढं बोललो आणि विसरलो. मामा विसरले नाहीत. महिना संपायच्या आत आमच्या दारात टेम्पो उभा! वर गिअरची सायकल, भगव्या रंगाची, हँडलला झेंडूचा हार. मामा स्वतः टेम्पोतून उतरले, सायकलला कुंकू लावलं, माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "ह्यो धोंड्याचा मान. देव्हाऱ्यात ठिवायचा न्हाई, रोज चालवायचा!"

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण माझ्या मेव्हण्याने माझ्या फोनमध्ये एक ॲप घातलं. सायकल फिरवून आलं की नकाशा काढतं, लाल रेघ मारतं, आणि आपोआप घरच्या ग्रुपवर पाठवतं. मामा रोज सकाळी चष्मा लावून वाट बघणार, जावयाची रेघ कुठवर गेली!

पहिल्या दिवशी मी बसलो त्या सायकलवर. अहो, ती सीट! ती बनवणाऱ्याचा माणसांवर काय राग होता कोण जाणे. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेलो, उतरलो, आणि पायांनी सांगितलं, बाबा रे, आमच्याकडून एवढंच. मी गाड्यावरच्या बाकड्यावर बसलो तो बसलोच.

तिथे महादू आला. महादू म्हणजे आमचा दूधवाला. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन, अर्ध्या सांगलीला दूध घालतो. त्याला मी माझं रडगाणं सांगितलं. महादू बशीतला चहा फुर्रकन ओढून म्हणाला, "सर, त्या फोनला काय कळतंय कोन चालवतंय? द्या हिकडं. माझ्या खिशात हिंडून येईल."

मी म्हणालो, "छे छे! असं कसं?"

आणि दिला.

तासाभराने फोन परत आला. तोवर मी दोन चहा आणि खारी खाऊन, पेपर वाचून ताजातवाना. नकाशा बघितला तर काय! गावभर लाल रेघ! वेगसुद्धा असा, की घरोघरी थांबत जाणाऱ्या मोटरसायकलचा आणि दणकून मारलेल्या सायकलचा सरासरीने सारखाच. गाड्यावरचं पाणी तोंडावर मारलं, शर्टाला थोडं शिंपडलं, आणि धापा टाकत घरी. बायको सुनंदा कौतुकाने पंख्याचं बटण दाबायला धावली.

ग्रुपवर मामांचा निरोप: 'शाबास जवान!'

तुम्ही म्हणाल, लाज नाही वाटली? वाटली ना. पहिले दोन दिवस वाटली. मग सवय झाली. सकाळ इतकी सुंदर जायची म्हणून सांगू! तिकडे महादू दूध घालतोय, इकडे मी चहा पितोय, आणि पलूसला माझी कीर्ती वाढतेय. मामा चावडीवर बसून माणसांना फोन दाखवत असत. "ह्ये बघा आमचं जावई. ह्या वयात!"

असे काही आठवडे गेले. मग एके दिवशी मामांचा फोन आला. आवाज एकदम हळू, कुणी ऐकू नये असा.

"जावईबापू, एक इचारू का? राग मानायचा न्हाई."

"विचारा की मामा."

"तुमची रेघ बघतोय रोज. लय झकास. पन त्येच्यावर ते ठिपकं येत्यात न्हवं, थांबल्याचं. तुमी सारकं थांबताय. ह्या गल्लीत थांबला, फुडच्या गल्लीत थांबला, लगी त्येच्या फुडं थांबला. दोन-दोन मिंटं."

थांबतोय खरा! महादू थांबतोय, दूध मोजून द्यायला!

"अं... हो... थांबावं लागतं मामा," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? सिग्नल म्हणू? बोळात कसला सिग्नल?

पलीकडून मोठा उसासा. "वाटलंच मला. लाजायचं न्हाई. ह्या वयात पुरुष मानसाला ह्यो त्रास हुतोच. मलाबी झालता. परस्टेट म्हन्त्यात त्येला. अंगावर काढू नका, रगात तपासून घ्या."

आता बघा हं! मी सायकलवर बसलेलो नाही. वाटेत थांबलेलो नाही. आणि मला प्रोस्टेट!

मी 'नाही हो, तसं काही नाही' म्हणालो, तर ते म्हणाले, "मीबी असंच म्हन्त हुतो." संपलं. पुढच्या पाच मिनिटांत सुनंदाला फोन गेला. ती हातातलं काम टाकून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, घरी तर तुम्ही सारखे जात नाही!"

"नाही ना. मी तेच सांगतोय."

"म्हणजे बाहेरच होतं. माझ्यापासून लपवून ठेवलंत!"

घ्या! त्या दिवसापासून पलूसहून सासूबाईंचे उपाय सुरू झाले. धण्याचं पाणी, गोखरूचा काढा, आणि मुख्य म्हणजे जवाचं पाणी. तांब्या भरून सकाळी, तांब्या भरून दुपारी, तांब्या भरून संध्याकाळी. सुनंदा समोर उभी राहून पाजायची. आता एवढं पाणी पोटात ओतल्यावर दुसरं काय होणार? मी खरोखरच पळायला लागलो! कॉलेजात तर मुलं पुस्तकाची चिठ्ठी घेऊन उभी आणि मी गायब. घरी सुनंदा दाराबाहेरून म्हणायची, "बघा! बघा! मी म्हणत होते!"

मी काय बघणार? मी आत होतो.

शेवटी रक्ततपासणीचा दिवस ठरला. मी म्हटलं, बरंच झालं. मला काही झालेलं नाहीच. रिपोर्ट साफ येईल, सगळ्यांची तोंडं बंद होतील. आणि नेमकं आदल्या दिवशी सकाळी सकाळी खाली घंटी वाजली. किणकिण किणकिण. खिडकीतून बघतो, तर मामा! काळ्या सायकलवरून, डोक्याला मफलर, पलूसहून थेट आमच्या दारात!

"रविवार हाय. चला, आज तुमच्यासंगं फेरी मारतो. नक्की कुटं कुटं थांबावं लागतंय ते माझ्या डोळ्यानं बघतो. उद्या-परवा डाक्टरला सांगाय बरं."

पळायला वाव नव्हता. जीव मुठीत धरून सायकलवर बसलो. मला वाटलं, इथंच कुठंतरी चक्कर मारू. पण मामांनी हँडल वळवलं ते माधवनगरच्या रस्त्याला. "पलूसला जेवायला जाऊ! तुमाला काय, सातारा केलेली मानसं तुमी!"

काय सांगू त्या रस्त्याचं! मागून उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर फाटक्या आवाजातली गाणी. पुढे पंच्याहत्तरी उलटलेला माणूस शीळ घालत चाललाय. आणि मागे मी, तोंडाचा आ वासून. नांद्र्याच्या अलीकडेच माझ्या मांड्यांनी संप पुकारला. आता थांबलो नाही तर पडणार! पण थांबायचं कसं? सातारा केलेला माणूस मी!

तेवढ्यात मामांनी मागे वळून बघितलं. माझं तोंड बघितलं, आणि चेहरा कसा मऊ झाला त्यांचा. "आली का? आवं मग सांगायचं की! ती बाभळ बरी हाय बघा, आडोसा हाय."

मी देवाचे आभार मानले आणि बाभळीमागे गेलो. दम खाल्ला. मामा रस्त्याकडे तोंड करून उभे, येणाऱ्या बायकांना "जरा पलीकडनं जावा गं" म्हणत राखण करतायत. मग तर मला युक्तीच सापडली. वसगड्याला उसाआड गेलो. पुढे एका पंपाच्या खोलीमागे गेलो. नंतर नंतर मामाच जागा दाखवायला लागले. "ह्यो बांध चालंल?" चालतो म्हटलं. दर वेळी परत आलो की मामा मान हलवत म्हणायचे, "लय वाईट हाय गड्या ह्ये, लय वाईट."

पलूसला पोचलो तेव्हा मला उतरवून घ्यावं लागलं. परत येताना मेव्हण्याच्या गाडीतून आलो, सायकल वर बांधून. दुसऱ्या दिवशी सकाळी कण्हत कण्हत गेलो आणि रक्त दिलं.

आणि काय? रिपोर्टात आकडा मर्यादेच्या दुप्पट!

खरं सांगतो, त्या कागदावरचं नाव माझंच आहे ना, हे मी तीनदा बघितलं. गंमत गंमत म्हणत होतो ना? आता कुठली गंमत! वर त्या आकड्याचं नाव पीएसए. तो वाढला तर प्रोस्टेटच्या सुजेपासून कॅन्सरपर्यंत काय काय असू शकतं, ते मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर वाचलं. वाचायला नको होतं. मी आमच्या विज्ञानाच्या कपाटाला टेकून कितीतरी वेळ उभा होतो.

आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. मी, सुनंदा आणि मामा. सुनंदा बाहेर बसली, तिचं म्हणणं तिच्याने ऐकवणार नाही. मामा आत आले. डॉक्टर तरुण होते, आणि बघतो तर केबिनच्या कोपऱ्यात हेल्मेट लटकलेलं. सायकलवाले!

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. कपाळाला आठ्या. मग मामांनी माझा फोन पुढे सरकवला. "डाक्टर, ह्येच्यात रोजची रेघ हाय. कुटं थांबत्यात समदं दिसतंय."

डॉक्टरांनी नकाशे एकामागून एक वर सरकवले, आणि चेहरा उजळलाच त्यांचा! "सर! तुम्ही रोज एवढी सायकल चालवता? आणि रक्त द्यायच्या आदल्या दिवशीपण?"

"रोज!" मामाच म्हणाले.

"अहो मग घाबरताय कशाला? सायकलच्या सीटचा दाब नेमका तिथंच येतो. त्यात जोराचा व्यायाम. सगळ्यांचाच नाही, पण काहींचा हा आकडा त्याने वर जातो. तपासणीच्या आधी किमान दोन दिवस सायकल नको, दमवणारा व्यायाम नको. कुणी सांगितलं नाही तुम्हाला? आता असं करा, सायकल पूर्ण बंद. काही आठवड्यांनी परत रक्त देऊ. माझा अंदाज आहे, आकडा खाली येईल. आणि आला की आमच्या ग्रुपमधे यायचं. साताऱ्याचा यवतेश्वर घाट करू!"

मामा खुर्चीतून अर्धे उठले. "बगा! सायकल हाय ती, दुसरं कायबी न्हाई!"

सगळे खूश. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तुमच्या लक्षात येतंय ना? सायकल बंद करा म्हणे! जी चालूच नाही ती बंद कशी करायची? डॉक्टरांना वाटतंय सायकलमुळे आकडा चढला. मामांना वाटतंय सायकलमुळे. एकट्या मलाच माहीत की ती बिचारी सायकल चहाच्या गाड्याला टेकून उभी असते! मग आकडा कशाने चढला? म्हणजे आत खरंच काहीतरी आहे. आणि डॉक्टर ते महादूच्या दुधाच्या नावावर खपवून मला घरी पाठवतायत!

पलूसची ती एक फेरी? ती माझ्या हिशेबातच नव्हती. डॉक्टर रोजच्या सायकलचं बोलत होते ना! एक दिवस सायकल मारल्याने कुणाचं काय होतंय, असं मला वाटलं. तुम्हालाही हेच वाटलं असतं, उगाच शहाण्यासारखं बघू नका.

बाहेर आलो. मामांनी सुनंदाला सांगितलं, "काय न्हाई गं, सायकल हाय," आणि ती देवाला हात जोडून तिथल्या तिथे रडायला लागली. मग मामा मला बाजूला, जिन्याशी घेऊन गेले. खिशातून रुमाल काढला. हा सुभेदार, ज्याला मी कधी डोळे ओले केलेलं बघितलं नाही, तो माझा हात धरून उभा.

"जावईबापू, रिपोट आल्यापास्नं माझ्या घशाखाली घास उतरंना झालता. सायकल मी दिली. म्हनलं, माझ्या हातानं पोरीच्या कपाळाला काय लिवून ठिवलं का काय! सुटलो गड्या. तुमाला काय झालं असतं तर मी तोंड दाखवाया ऱ्हायलो नसतो."

आता बोला! तो म्हातारा स्वतःला दोष देत बसलेला, आणि मी खारी खात होतो. मी हळूच हात सोडवून घेतला. भीतीने की लाजेने, ते अजून कळलेलं नाही. पण एवढं कळलं, की आता गप्प बसलो तर उद्या खरंच काही निघालं तेव्हा ह्या माणसाचं काय होईल, आणि सुनंदाचं काय होईल. आणि माझं तर काय व्हायचं ते होईलच.

मी वळलो आणि पुढचा पेशंट आत शिरायच्या आधी केबिनमधे घुसलो. मामा मागोमाग.

"डॉक्टर, मी सायकल चालवत नाही!"

"बरोबर. आता नाहीच चालवायची."

"नाही हो! आधीपण नव्हतो चालवत!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग हे नकाशे?"

"दूधवाल्याचे."

"आणि हे थांबे?"

"गिऱ्हाइकं. दूध घालतो तो. मोटरसायकलवरून. माझा फोन त्याच्या खिशात असतो."

डॉक्टरांचे ओठ थरथरत होते. मी मामांकडे बघायचं टाळत होतो, पण मान आपोआप वळली. मामा ताठ उभे, परेडला उभं राहावं तसे.

"आन् ती बाभळ?" मामांनी विचारलं.

"दम खात होतो, मामा."

"वसगड्याचा ऊस?"

"दम."

"पंपाची खोली?"

"तिथं जरा आडवा झालो होतो."

डॉक्टरांनी तोंडासमोर माझीच फाईल धरली. फाईल गदागदा हलत होती. शेवटी डोळे पुसत ते म्हणाले, "आणि घरी लघवीला सारखं जाताय, लिहिलंय ते?"

"जवाचं पाणी. तीन तांबे. सासूबाईंचं."

"हां... बरं." मग ते एकदम सावध झाले. "थांबा, थांबा. कुठली बाभळ? सायकल चालवत नाही म्हणता, मग बाभळीमागे दम कसला खात होता?"

मी काही बोलायच्या आत मामा बोलले, आणि आवाज असा, की बाहेरची नर्स दारात आली. "चालवली की! एकदाच! माझ्यासंगं, सांगलीस्नं पलूसपातूर! रगात दिलं त्येच्या आदल्या दिशी!"

"पलूस? आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसलेल्या माणसाला तुम्ही पलूसला नेलं?"

"सातारा केलाय म्हनले हुते!"

"मिरज," मी म्हणालो. "जाताना."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "अहो सर, मी म्हणतोय ते हेच की! रोज चालवली का वर्षभर चालवली, याला महत्त्व नाही. रक्त देण्याआधीच्या एक-दोन दिवसांत काय केलं ते महत्त्वाचं. सवय नसलेला माणूस, एवढी रगडपट्टी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त! आकडा त्यानेच चढला असेल, अशी बरीच शक्यता आहे. पण नुसत्या शक्यतेवर सोडायचं नाही. नीट विश्रांती घ्या, जवाचं पाणी बंद करा, परत तपासू. तरीही वर राहिला तर पुढचं बघू. आणि बरं केलंत, खरं बोललात. औषध द्यायला मला खरी माहिती लागते, दुधाची नाही."

म्हणजे कळलं का तुम्हाला? इतके आठवडे सायकल चालवली नाही, तर अंगाला काही नाही. एक दिवस चालवली, तर थेट रिपोर्टात!

बाहेर सुनंदाला सगळं सांगावं लागलं. तिने आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "तरीच हल्ली दूध उशिरा येतंय!" आणि रिक्षात बसेपर्यंत पदर तोंडावर धरून हसत होती. रिक्षात मात्र माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की त्याची खूण रिपोर्टापेक्षा जास्त दिवस राहिली. मामा? स्टँडवर उतरले, एसटीत चढले आणि गेले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

ते मधले आठवडे मला विचारू नका. सायकल खाटेमागे. ग्रुपवर एक अक्षर नाही. मामांचा फोन नाही. डॉक्टर 'बरीच शक्यता' म्हणाले होते, पण बरीच म्हणजे सगळी नव्हे, हे मला दिवसातून कितीदा आठवायचं! सुनंदा वरून थट्टा करायची आणि माझी पाठ फिरली की देवापुढे दिवा लावायची. मी ते बघायचो आणि बघितलं नाही असं दाखवायचो.

परत रक्त दिलं. या खेपेला आधी शिडीसुद्धा धरली नव्हती. रिपोर्ट आला तेव्हा उघडायचा धीर होईना. सुनंदाने हिसकावून घेतला, वाचला, आणि मटकन खाली बसली. माझा जीव गेला!

"अगं, काय आहे?"

"नॉर्मल आहे हो! अगदी नॉर्मल!"

मीही तिच्या शेजारी फरशीवर बसलो. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, कुणी उठलं नाही.

मग भानावर आलो. म्हटलं, मामांना कळवायला पाहिजे. पण कोणत्या तोंडाने? सुनंदा म्हणाली, तुम्हीच करा. फोन लावला. पलीकडे उचलला. मी तोंड उघडायच्या आत आवाज आला.

"काय रं, आला का रिपोट?"

काय रं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! मी आधी कानाला लावलेला फोन समोर धरून बघितला, नंबर चुकलाय का म्हणून.

"आला, मामा. सगळं नॉर्मल आहे. काही नाही निघालं."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग घसा खाकरल्याचा.

"पांडुरंग, पांडुरंग! माझ्या जिवावरचं वझं गेलं बघ." आणि मग पुन्हा तोच सुभेदारी आवाज. "म्हंजे तुला आता कायबी झालेलं न्हाई?"

"नाही, मामा."

"काम करू नगं, असं तर डाक्टर म्हनला न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग उद्या पैल्या एष्टीनं ये. उसाला पानी पाजाय मानूस न्हाई. आन् येताना डबा बांधून आन, हितं तुला वाढाय कुनी मोकळं न्हाई!"